स्वयंचलित एस्प्रेसो यंत्र

एक बटण दाबले की कॉफीच्या भाजलेल्या बिया दळून, ती पूड दाबून, तिच्यातून दाबाखाली गरम पाणी सोडून कप भरणारे आणि उरलेला चोथा स्वतःच आतल्या डब्यात टाकणारे यंत्र. बाजारात त्याला ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ किंवा ‘बीन-टू-कप’ म्हणतात. कॅफेतल्या ज्या यंत्रात दळणे व दाबणे माणूस करतो आणि फक्त पाण्याचे माप यंत्र ठरवते, ते या वर्गात येत नाही. तयार पूड गरम पाण्यात विरघळवणारी ऑफिसातली प्रीमिक्स मशीनही येत नाहीत, कारण त्यांत दाबाखाली अर्क काढलाच जात नाही.

कुशल बरिस्ता (कॅफेत कॉफी बनवणारा) पुडीचा पोत बोटांना लावून पाहतो, धारेचा रंग पाहून पाणी थांबवतो. यंत्राजवळ यातले काही नसते. त्याला साधारण चार गोष्टी कळतात : ग्राइंडर किती वेळ (किंवा किती फेरे) फिरला, टाकीतून किती पाणी निघाले, हीटरचे तापमान किती आहे आणि ब्रू युनिट (पूड दाबून तिच्यातून पाणी सोडणारा भाग) कोणत्या जागी आहे. कपात काय पडले हे त्याला कळत नाही. रचनेतील बहुतेक युक्त्या आणि वापरातील बहुतेक तक्रारी या एका मर्यादेतून निघतात.

पूर्वपीठिका

वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट इटलीतील तुरीन येथील आंजेलो मोरिओन्दो यांनी 1884 मध्ये घेतले. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी 1901 मध्ये एकेका कपासाठी वेगळी, दांड्याची गाळणी आणली. वाफेने जेमतेम दीड-दोन बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब मिळे आणि कॉफी करपट लागे. अकिले गाज्जिया यांनी 1938 पासून दट्ट्याच्या पद्धतीवर काम केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या स्प्रिंगच्या तरफेने दाब 8-10 बारपर्यंत नेला. कपावरचा तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, तेव्हापासूनचा. 1961 च्या फाएमा ई-61 या यंत्राने विजेच्या पंपाला हे काम दिले. घरात ठेवण्याजोगे, ग्राइंडरसकट सगळे पोटात घेतलेले यंत्र मात्र 1985 मध्ये आले : बोलोन्याजवळच्या गाज्जो मोन्तानो येथील साएको कंपनीचे ‘सुपरऑटोमातिका’. आजच्या घरगुती यंत्रांचा सांगाडा मुख्यतः तिथूनच आला आहे. मोठ्या कॉफी दुकानांसाठीच्या यंत्रांत स्विस कंपन्या पुढे आहेत. स्टारबक्सची ‘मास्त्रेना’ यंत्रे स्वित्झर्लंडमधील व्हेगिसची थर्मोप्लॅन कंपनी बनवते.

एका कपाचा प्रवास

बटण दाबल्यावर ग्राइंडर 7 ते 10 सेकंद फिरतो आणि 7 ते 11 ग्रॅम पूड उतरत्या नळीतून ब्रू युनिटच्या दंडगोलात पडते. मोटर दंडगोल व दट्ट्या एकमेकांवर आणून पुडीची वडी दाबते. पंप दोन-तीन मि.लि. पाणी सोडून क्षणभर थांबतो. या पूर्वभिजवणीत पूड फुगते, तिच्यातल्या भेगा बुजतात आणि पुढचे पाणी एकाच फटीतून पळून जात नाही. मग पंप सलग चालतो. ठरलेले पाणी गेले की थांबतो, झडप उघडून उरलेला दाब ड्रिप ट्रेमध्ये (खालच्या सांडपाण्याच्या ताटात) सोडला जातो, दट्ट्या वडी पिळून काढतो आणि वर ढकलून चोथ्याच्या डब्यात लोटतो. सगळे मिळून पाऊण ते एक मिनिट.

मापदंड म्हणून इटालियन एस्प्रेसो संस्थेचे आकडे सोयीचे आहेत : पूड 7 ग्रॅम, पाणी सुमारे 88 अंश से., दाब 9 बार, वेळ 25 सेकंद, कपात क्रेमासह 25 मि.लि. बहुतेक घरगुती यंत्रे कारखान्यातून येतात तेव्हा एस्प्रेसोचे माप 35-40 मि.लि. ठेवलेले असते. कॉफी पचपचीत लागत असेल तर दुसरे काही करण्याआधी हे माप कमी करून पाहावे.

ग्राइंडर

पाती पोलादाची शंकूसारखी किंवा सिरॅमिकची सपाट असतात. सिरॅमिक कमी तापते, पण खडा आला तर कपचा उडतो. पोलाद खडा सोसते, मोटर अडते एवढेच. दळण जाड-बारीक करायची कळ ग्राइंडर फिरत असतानाच आणि एका वेळी एकच खूण फिरवावी. बंद पात्यांमध्ये बियांचे तुकडे अडकलेले असतात. तेव्हा बारीककडे नेले तर कळीचे दाते मोडतात. बदलाचा परिणाम पुढच्या कपात दिसत नाही, कारण नळीत जुनी पूड शिल्लक असते. दोन-तीन कप काढूनच निर्णय करावा.

साध्या यंत्रांत पुडीचे वजन होत नाही, वेळ मोजली जाते. दळण बारीक केले की तेवढ्याच वेळात पूड कमी पडते, म्हणजे एका कळीने दोन गोष्टी बदलतात. पात्यांचे फेरे मोजणारी यंत्रे थोडी बरी, पण वजन त्यांनाही कळत नाही. काही यंत्रे मागच्या वडीची जाडी दट्ट्याच्या प्रवासावरून ओळखतात आणि पुढचे दळण त्यानुसार वाढवतात-घटवतात. नव्या बिया भरल्यावर पहिले काही कप वेडेवाकडे येण्याचे हे एक कारण.

बिया संपल्याचे यंत्राला मोटर हलकी फिरू लागल्यावरून समजते. तेलकट, काळ्या भाजणीच्या बिया हॉपरच्या (बिया भरायच्या डब्याच्या) तोंडाशी एकमेकींना चिकटून कमान धरतात. हॉपर भरलेला दिसतो आणि पडद्यावर ‘बिया भरा’ येते. चमच्याच्या दांड्याने (ग्राइंडर बंद असताना) कमान मोडावी आणि पुढच्या वेळी मध्यम भाजणी घ्यावी. साखरेचा मुलामा दिलेल्या बिया तर घालूच नयेत. पात्यांवर बसलेला कॅरॅमल ग्राइंडर उघडल्याखेरीज निघत नाही.

पंप आणि दाब

घरगुती यंत्रात जवळपास सर्वत्र कंपन पंप असतो : तांब्याच्या कॉइलमध्ये पुढेमागे धावणारा छोटा दट्ट्या आणि त्याला मागे लोटणारी स्प्रिंग. इटलीतील उल्का कंपनीचा 48 वॉटचा पंप अनेक कंपन्यांच्या यंत्रांत तोच असतो, म्हणून सुटा मिळतो आणि बदलायला सोपा. आत डायोड असल्याने 50 हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला 50 ठोके देतो.

खोक्यावर छापलेले ‘15 बार’ किंवा ‘19 बार’ म्हणजे वाट पूर्ण बंद केली तर पंप गाठू शकतो तो कमाल दाब. कॉफी काढताना लागतात 9 च्या आसपास, आणि ते पंप एकटा ठरवत नाही. या पंपाचा दाब वाढला की प्रवाह घटतो. म्हणून वडी किती अडवते यावर प्रत्यक्ष दाब ठरतो. जाड दळणाच्या वडीवर 19 बारचा पंपही चार-पाच बारच देईल. आकडा पाहून यंत्र निवडू नये.

पंपाच्या अलीकडे फ्लोमीटर असतो : चुंबक बसवलेले चक्र फिरते आणि हॉल सेन्सर त्याचे फेरे मोजतो, अनेक यंत्रांत एक स्पंद म्हणजे सुमारे अर्धा मि.लि. तो टाकीतून निघालेले पाणी मोजतो. त्यातले काही वडी शोषून घेते, काही दाब सोडताना ट्रेमध्ये जाते आणि ओ-रिंग (दट्ट्याभोवतीची गळती रोखणारी रबरी कडी) झिजलेली असेल तर आणखी काही तिच्या कडेने निसटते. कप हळूहळू अपुरा भरू लागला आणि ड्रिप ट्रे मात्र लवकर भरू लागला, तर संशय ओ-रिंगवर घ्यावा. पाण्याचे माप वाढवणे हा इलाज नाही. स्पंद अगदी सावकाश येऊ लागले, तर यंत्र ‘दळण फार बारीक’ असे सांगते. ब्रू युनिटची जाळी तेलाने बुजली तरी तोच संदेश येतो, कारण दोन्हींत फ्लोमीटरला दिसते ते सारखेच.

टाकी कोरडी पडून पंपात हवा शिरली, तर पंप कर्कश वाजतो आणि पाणी ओढत नाही. गरम पाण्याचा नळ उघडून पंप चालवावा, म्हणजे पुढे अडथळा न राहता हवा निघून जाते.

उष्णता

जुन्या बॉयलरची जागा थर्मोब्लॉकने घेतली आहे : ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ओतलेली पोलादी नळी आणि हीटर, 1200 ते 1450 वॉटचा. सेकंदाला 1 मि.लि. पाणी 25 वरून 92 अंशांवर न्यायला सुमारे 280 वॉट पुरतात, म्हणून एस्प्रेसोसाठी ही ताकद भरपूर आहे. अडचण असते ती वाटेवरच्या थंड भागांची. ठोकळा तापलेला असला तरी ब्रू युनिट आणि तोट्या गार असतात आणि पहिला कप कोमट येतो. सुरू होताना यंत्र गरम पाण्याने धुवून घेते ते त्यासाठीच. तो धुवा टाळू नये, वर कपही गरम करून घ्यावा.

वाफेसाठी ठोकळा बराच जास्त तापवावा लागतो. एकच थर्मोब्लॉक असेल तर दूध फेसाळल्यानंतर लगेच काढलेली कॉफी करपते. चांगली यंत्रे मध्ये थोडे पाणी ट्रेमध्ये सोडून ठोकळा निववतात. म्हणून अशा यंत्रात आधी कॉफी, मग दूध.

ब्रू युनिट

यंत्राचे मर्म इथे आहे. कोरडी पूड घेणे, दाबणे, 9 बारला न गळता धरणे, ओली वडी बाहेर फेकणे आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा कोरड्या पुडीसाठी तयार होणे, हे सगळे एका छोट्या दंडगोलाने दिवसातून दहा-वीस वेळा करायचे असते. तेही अशा जागी, जिथे वाफ आणि बारीक पूड सतत एकमेकींत मिसळतात.

रचनेच्या दोन परंपरा आहेत. साएको, डेलोंगी यांसारख्या इटालियन यंत्रांत युनिट प्लास्टिकचे व काढता येणारे असते. आठवड्यातून एकदा नळाखाली कोमट पाण्याने धुवावे, साबण लावू नये, वाळवून परत बसवावे. युरासारख्या स्विस यंत्रांत ते आतच राहते आणि तेल काढण्यासाठी गोळी टाकून स्वच्छता-चक्र चालवतात. स्विस पद्धत विसरभोळ्या घराला सोयीची, पण गोळी बाजूला सांडलेल्या पुडीपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, त्या पुडीवर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. हात घालून धुता येणारे युनिट इथे अधिक बरे.

ओ-रिंग सिलिकॉनच्या असतात. धुण्याने व तापण्याने त्यांच्यावरचे वंगण जाते आणि युनिट वर सरकताना कुरकुरते. तीन-चार महिन्यांनी खाद्यवापराचे सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर येईल इतके घेऊन लावावे. खोबरेल, तूप किंवा व्हॅसलीन लावू नये. खाद्यतेल खवट होऊन चिकटते आणि व्हॅसलीन काही रबरांना फुगवते. वंगण नसलेली रिंग मोटरवर भार आणते, प्लास्टिकचे दाते झिजतात आणि युनिट मध्येच अडकते.

युनिट निघत नसेल तर ओढू नये. ते फक्त विश्रांतीच्या जागी असतानाच सुटते. चक्र चालू असताना प्लग काढला किंवा वीज गेली, की ते मधल्या स्थितीत कुलूपबंद होते. वीज आल्यावर यंत्र चालू करून त्याच्या बटणानेच बंद करावे, म्हणजे मोटर ते जागेवर नेते.

चोथ्याच्या डब्याबाबत यंत्र वड्या मोजते, डबा पाहत नाही. यंत्र बंद असताना डबा रिकामा केला तर अनेक यंत्रांत मोजणी शून्यावर येत नाही आणि रिकाम्या डब्यावरही ‘डबा भरला’ असा संदेश येतो. डबा यंत्र चालू असतानाच काढावा. वड्या नीट बांधलेल्या असतील तर दळण व माप ठीक आहे. चिखल असेल तर दळण जाड, पूड कमी, किंवा रिंग गळकी.

पाणी आणि क्षार

बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन थर्मोब्लॉकच्या अरुंद नळीत बसते. थर जाड झाला की पाण्याला उष्णता पोचत नाही, पंपाचा आवाज घोगरा होतो आणि सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणाऱ्या) झडपेत कण अडकून दोन कपांमध्येही पाणी ठिबकत राहते. यंत्र क्षार मोजत नाही; वापरलेले पाणी आणि आपण भरलेला काठिण्याचा आकडा यांवरून डिस्केलिंगची (आम्लाने क्षार धुवून काढण्याची) आठवण देते. सोबतच्या पट्टीने पाणी तपासून तो आकडा भरला नाही, तर आठवण चुकीच्या वेळी येते.

डिस्केलिंगला लॅक्टिक किंवा सल्फॅमिक आम्लाचे द्रावण वापरावे. लिंबूसत्त्व स्वस्त आहे, पण गरम नळीत त्याचे कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तेच साचू शकते. आरओचे पाणी क्षार टाळते, मात्र फारच क्षारहीन पाण्याची कॉफी सपक लागते आणि विद्युतवाहकतेवर पाण्याची पातळी ओळखणारी काही व्यावसायिक यंत्रे टाकी रिकामी समजतात. लिटरमागे 75 ते 150 मि.ग्रॅ. विरघळलेले क्षार असतील असे आरओ आणि साध्या पाण्याचे मिश्रण जमते.

दूध

फेसाळण्याचे तत्त्व व्हेंचुरीचे : वेगाने जाणारी वाफ दूध आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून हवा एकदम ओढते. फेस येईनासा झाला की बहुधा ते छिद्र वाळलेल्या दुधाने बुजलेले असते. दूध फ्रीजमधले, थंडच घ्यावे. 60-65 अंशांच्या पुढे गोडवा जातो. पिशवीचे दूध उकळून वापरायचे असेल तर साय गाळून घ्यावी, नाहीतर ती नळीत अडकते. प्रत्येक वापरानंतरचा धुवा दुधाच्या बाबतीत अजिबात टाळता येत नाही.

भारतातील वापर

कूर्ग व चिकमंगळूरची धुतलेली रोबस्टा (कॉफीची एक जात) इटालियन मिश्रणांत पूर्वीपासून जाते. इटली हा भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. क्रेमा दाट हवा असेल तर अरेबिका या दुसऱ्या जातीत 20-30 टक्के रोबस्टा या यंत्रांना छान मानवते. चिकोरीमिश्रित फिल्टर कॉफीची पूड मात्र तयार पुडीच्या कप्प्यातही घालू नये : चिकोरी ओली होताच वाट अडवते, पंप गुरगुरतो आणि जाळी बुजते. त्या कप्प्यात साधी पूडही एका मापापेक्षा जास्त टाकली, तर उरलेली यंत्राच्या आत सांडते.

अमेरिकेहून परतताना 120 व्होल्टचे यंत्र आणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. 60 हर्ट्झसाठीचा पंप इथे सेकंदाला 50 ठोकेच देतो, प्रवाह सुमारे एक षष्ठांश घटतो आणि कॉइल जास्त तापते. हीटर व ग्राइंडरला त्याची अडचण येत नाही. पंप 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा बसवता येतो, पण मग त्याला वेगळा पुरवठा द्यावा लागतो आणि ते काम जाणत्या कारागिराचेच आहे. यंत्र चालू करताच घरातला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर हीटरला तडा किंवा आत गळती असते. ईएलसीबी वगळून यंत्र चालवू नये. महिनाभर घर बंद राहणार असेल तर टाकी, ट्रे आणि चोथ्याचा डबा रिकामे करावेत, ब्रू युनिट काढून बाहेर कोरडे ठेवावे आणि हॉपरमधल्या बिया हवाबंद डब्यात काढाव्यात.