पर्वतीय शिकार रायफल

उंच डोंगरांत पायी हिंडून करायच्या शिकारीसाठी बनवलेली, वजनाला हलकी आणि ऊन, पाऊस, बर्फ यांना न जुमानणारी बोल्ट पद्धतीची (दर बारानंतर हाताने खिट्टी मागेपुढे ओढून काडतूस भरायची) रायफल. ‘माउंटन रायफल’ या नावाने ती ओळखली जाते. दुर्बीण न लावता तिचे वजन साधारण २ ते ३ किग्रॅ. भरते, नेहमीची शिकारी रायफल साडेतीन किलोच्या आसपास जाते. अलास्का, पश्चिम कॅनडा, अमेरिकेतील रॉकी पर्वत आणि न्यूझीलंडमधील सदर्न आल्प्स ही तिची मुख्य क्षेत्रे. तेथे रानमेंढा, पहाडी बकरा किंवा थार (मूळचा हिमालयातला रानबकरा) गाठण्यासाठी दिवसचे दिवस चढउतार करावी लागते. एवढ्या पायपिटीनंतर बार बहुधा एकच मिळतो, आणि तोही कधीकधी तीन-चारशे मीटरवरून.

खरी अडचण इथेच आहे. खांद्यावर वाहायला रायफल हलकी हवी आणि नेम धरायला जड हवी. नेमबाजीच्या खेळात हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात ८ किलोपर्यंतची रायफल चालते, आणि तीत वापरतात ते काडतूस तर बारीकसे पॉइंट टू-टूचे. धक्का नगण्य असूनही इतके वजन कशाला? कारण श्वास आणि नाडीचे ठोके यांनी होणारी थरथर जड नळी गिळून टाकते. शिकारी मात्र चढ चढून धापा टाकत असतो, हात गारठलेले असतात आणि हातात तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी हलकी रायफल असते.

धक्क्याचे गणितही याच बाजूने उलटते. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू यांचा संवेग तेवढाच राहतो. म्हणून रायफलचे वजन जितके घटेल तितकी मागे येणारी ऊर्जा वाढते. ६.५ क्रीडमूर या मध्यम काडतुसाचा धक्का ४ किलोच्या रायफलीत सुमारे १५ जूल असेल, तर २.७ किलोच्या रायफलीत तो २२ जुलांच्या घरात जातो. हाच हिशेब .३०० विंचेस्टर मॅग्नमसाठी (जास्त दारूच्या, दणकट काडतुसासाठी) मांडला, तर ३२ वरून जवळजवळ ४८ जूल होतात. असा मार दहा-वीस वेळा खांद्याने खाल्ला की डोळे आपोआप मिटू लागतात आणि चाप ओढण्याऐवजी हिसकला जातो. हलक्या रायफलीत मोठे मॅग्नम काडतूस घालणे ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणावी लागेल. नळीच्या तोंडाला वायू बाजूला वळवणारा ‘ब्रेक’ लावून धक्का कमी करता येतो, पण आवाज इतका वाढतो की कानांची कायमची हानी होऊ शकते. न्यूझीलंडमधील शिकारी म्हणूनच सायलेन्सर पसंत करतात. त्याने धक्का आणि आवाज दोन्ही उतरतात. लांबी आणि थोडे वजन मात्र वाढते.

इतिहास : या कल्पनेला लोकप्रिय केले ते जॅक ओ’कॉनर (१९०२–७८) यांनी. ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा हा माणूस पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूकविषयक संपादक झाला. विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये काढलेल्या .२७० काडतुसाचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. त्यांची आवडती विंचेस्टर मॉडेल ७०, जिला अल बीसन या कारागिराने अक्रोडाचा नवा दस्ता (नळी जिच्यात बसते ती, खांद्याला टेकवायची चौकट) घडवला होता, दुर्बिणीसह साडेतीन किलोच्या पुढे होती. आजच्या मापाने ती हलकी म्हणता येणार नाही. पण हलक्या गोळीचा मोठा वेग आणि सहन होईल इतका धक्का हे तिचे सूत्र अजून कोणी खोडून काढलेले नाही.

वजनाची पुढची मोठी घट १९८० च्या दशकात झाली. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मेल्विन फोर्ब्स यांनी केवलार आणि कार्बन तंतूंचा, जेमतेम ४५० ग्रॅम वजनाचा दस्ता बनवला. बाकीचे कारागीर नळी दस्त्यापासून मोकळी ठेवत असताना त्यांनी ती टोकापर्यंत दस्त्यात घट्ट बसवली. दस्ताच नळीपेक्षा ताठ असेल तर त्याने नळीला धरून ठेवावे, असा त्यांचा तर्क. सर्वांनी तो उचलला नाही, पण दुर्बिणीविना सव्वादोन किलोच्या आसपासची रायफल बारीक गट पाडू शकते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ मारू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. १९८६ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० ची ‘माउंटन रायफल’ आवृत्ती आणली आणि हे नाव दुकानांत पोहोचले. पुढे अमेरिकेतील किंबर आणि फिनलंडमधील टिका या नावांनी हा प्रकार सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल असा झाला. टिकाची टी३एक्स लाइट सुमारे २.९ किग्रॅ. भरते, नुसत्या आकड्यावर पाहिले तर ती स्पर्धेत मागे पडते, तरी अचूकतेमुळे अनेकांच्या हाती तीच दिसते.

वजन कोठून काढायचे : लाकडी दस्ता साधारण एक किलोचा असतो, हाताने थर देऊन केलेला फायबरग्लास किंवा कार्बनचा दस्ता त्याच्या निम्म्यावर येतो. साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा दस्ता स्वस्त पडतो, पण पुढचा भाग लवचिक असेल तर दगडावर टेकवताच तो नळीला दाबतो आणि गोळी सरकते. नळी बारीक केली की ती लवकर तापते. तीन-चार बारांनंतर गट पसरतो, याची मात्र शिकाऱ्याने फार चिंता करू नये. त्याला थंड नळीचा पहिला बार कोठे जातो एवढेच कळायला हवे. नळी आखूड केल्यास इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला साधारण ६ ते ९ मीटर कमी होतो, म्हणून बहुतेक जण २२ ते २४ इंचांवर थांबतात. पातळ पोलादी नळीभोवती कार्बन तंतू गुंडाळण्याची पद्धतही आता रुळली आहे. अशी नळी जाड दिसते आणि ताठ राहते, पण सर्वांत बारीक पोलादी नळीपेक्षा ती सहसा हलकी नसते. जाहिरात वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

दुर्बीण आणि तिच्या कड्या यांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. दोन हजार डॉलर मोजून दस्त्यातले ३०० ग्रॅम वाचवायचे आणि वर ९०० ग्रॅमची दुर्बीण चढवायची, हा प्रकार नेहमी दिसतो. ३५० ते ४५० ग्रॅमची, दहापटीपर्यंत मोठे दाखवणारी दुर्बीण चारशे मीटरपर्यंत पुरते.

हवामान : लाकूड ओलाव्याने फुगते, वाकते आणि नळीवर दाब देते, कोरड्या गावात झिरो केलेली (ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली) रायफल पावसाळी किनाऱ्यावर वेगळीकडे मारते. कृत्रिम दस्त्याचा मोठा फायदा वजनात नसून इथे आहे. स्टेनलेस पोलादालाही गंज चढतो, फक्त सावकाश. खाऱ्या हवेत तेही पुसावे लागते. सिरॅकोटसारखे सिरॅमिक लेप वरून संरक्षण देतात, नळीच्या आत नाही. कडाक्याच्या थंडीत बोल्टमधले तेल घट्ट होऊन मेख (काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन) मंदावते आणि काडतूस फुटत नाही, म्हणून जाणकार बोल्ट धुऊन जवळजवळ कोरडा ठेवतात. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावण्याची अलास्कातली रीत साधी पण उपयोगी आहे. बर्फ किंवा चिखल आत जात नाही आणि गोळीपुढच्या हवेनेच पट्टी फाटते. थंडीतून आणलेली रायफल गरम तंबूत नेली की दवबिंदू धरतात व पुढे त्याचा बर्फ होतो. ती बाहेरच झाकून ठेवतात.

लांब पल्ला : १०० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २.९ सेंमी.; ४०० मीटरवर तोच ११.६ सेंमी. मेंढ्याचे काळीज-फुप्फुसाचे क्षेत्र २० ते २५ सेंमी. रुंद धरले, तर रायफलच्या अचूकतेत अडचण दिसत नाही. अडचण वाऱ्यात आहे. २०० मीटरवर झिरो केलेल्या ६.५ क्रीडमूरची गोळी ४०० मीटरवर दोन फुटांहून थोडी जास्त खाली उतरते. हे अंतर मोजून सुधारता येते, कारण गुरुत्वाकर्षण बदलत नाही. पण ताशी १६ किमी. वेगाचा आडवा वारा तिला वीतभर बाजूला नेतो, आणि दरीच्या या काठावर असलेला वारा पलीकडच्या काठावर असेलच असे नाही. शिवाय गोळी पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो; तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. चढ-उताराच्या रेषेत आडवे अंतर धरायचे असते. ३० अंशांच्या उतारावरील ४०० मीटर म्हणजे नेमासाठी सुमारे ३४६ मीटर. ३,००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण चतुर्थांशाने विरळ असल्याने गोळी कमी उतरते, म्हणून तळावर पोहोचल्यावर पुन्हा दोन बार करून पाहणे शहाणपणाचे.

किती लांबून मारणे योग्य, हा वाद जुना आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’, म्हणजे जनावराला निसटण्याची खरी संधी देणारी शिकार, हे तत्त्व मांडले; फार दूरच्या नेमबाजीकडे हा क्लब नापसंतीने पाहतो. आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दुर्बीण-पट्ट्यासह १६ पौंडांहून (सुमारे ७.३ किग्रॅ.) जड रायफल वापरता येत नाही. लांबून मारायला सोयीच्या फार जड रायफली त्यामुळे बाद होतात; म्हणजे तिथे कायद्याने मर्यादा घातली ती जडपणावर.

भारतात हा विषय आता केवळ वाचण्यापुरता उरला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर येथे शिकार बंद आहे आणि शस्त्र बाळगायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. परवानाधारक शेतकऱ्याच्या घरी दिसते ती ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ बोअरची लाकडी दस्त्याची जड रायफल. गंमत अशी, की हिमालयातला थार येथे संरक्षित असताना न्यूझीलंडमध्ये मात्र तो या रायफलींचे नेहमीचे लक्ष्य आहे. १९०४ मध्ये शिकारीसाठी म्हणून तिकडे सोडलेली ही जनावरे डोंगरावरील वनस्पती फस्त करू लागली, आणि १९९३ च्या नियंत्रण आराखड्याने त्यांची संख्या १०,००० च्या आत ठेवण्याची मर्यादा घातली.