गेमचा ‘निर्माता’ नेमका कोण? डेव्हलपर आणि पब्लिशर

‘या गेमच्या निर्मात्या कंपनीने’ अशी सुरुवात असलेली बातमी मराठीत वाचली की मी त्या शब्दापाशी थांबतो, कारण आपल्याकडे निर्माता हा शब्द दोन अर्थांनी चालतो. चित्रपटाचा निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा आणि एरवी निर्माता म्हणजे वस्तू घडवणारा. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात ही दोन कामे बहुतेक वेळा दोन वेगळ्या कंपन्या करतात. गेम घडवणारा तो डेव्हलपर, ज्याला सर्रास स्टुडिओही म्हणतात. आणि पैसा लावणारा, जाहिरात करणारा, किंमत व तारीख ठरवून गेम दुकानापर्यंत नेणारा तो पब्लिशर. गेमविषयी आपण हिरिरीने मते मांडतो आणि ती मांडलीच पाहिजेत. मात्र हा फरक ठाऊक नसला की राग भलत्याच्या माथी बसतो आणि कौतुकही भलत्याच्याच पदरात पडते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने घडवलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम घ्या. तो २०२० मध्ये आला तेव्हा त्याचा पब्लिशर सुपर डॉट कॉम हा होता. भाऊ गोलूच्या शोधात निघालेली राजी, तिची गोष्ट सांगणारे विष्णू आणि दुर्गा, भिंतींवर रंगवलेली चित्रे, छायाबाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग, हे सारे स्टुडिओचे काम. लढताना राजीच्या हालचाली कुणाला अवघडलेल्या वाटल्या किंवा शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा वाटला, तर ती तक्रारही स्टुडिओकडेच गेली पाहिजे. पण हा गेम ऑगस्टमध्ये आधी फक्त निन्टेंडो स्विचवर आला आणि पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले, ही बाब वेगळ्या जातीची आहे. कुठल्या यंत्रावर आधी, किती किमतीला आणि कधी, हे प्रश्न मुख्यतः व्यवहाराचे असतात, आणि जिथे पब्लिशर असतो तिथे त्यांत त्याचाच शब्द जड ठरतो.

पब्लिशर म्हटल्यावर मराठी वाचकाला पुस्तकाचा प्रकाशक आठवणार, पण ही तुलना फार लांबवर जात नाही. लेखक लिहून झालेला मजकूर घेऊन प्रकाशकाकडे जातो; स्टुडिओ मात्र बहुधा कल्पना आणि खेळून पाहता येईल असा छोटा नमुना एवढेच घेऊन जातो, कारण तीस-चाळीस माणसांचे दोन-तीन वर्षांचे पगार स्वतःच्या खिशातून देण्याची ऐपत फार थोड्यांची असते. पब्लिशर ही रक्कम हप्त्यांनी देतो आणि ठरलेला टप्पा, म्हणजे माइलस्टोन, पसंत पडला तरच पुढचा हप्ता सुटतो. या पैशाला आपल्याकडचा नेमका शब्द आहे उचल. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी मिळते तशी ही उचल असते, फक्त गेम पडला तर ती सहसा परत मागितली जात नाही.

ती फिटते कशी, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा पब्लिशरने पाच कोटी रुपये दिले, विक्रीत स्टुडिओचा वाटा ३० टक्के ठरला, आणि उचल स्टुडिओच्या वाट्यातूनच वळती करायची असे करारात लिहिले. दुकानाचा हिस्सा, जो स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात सुरुवातीला ३० टक्के असतो, वजा जाऊन पाच कोटी जमले की पब्लिशरने दिलेली रक्कम त्याच्याकडे परत आलेली असते. स्टुडिओच्या खात्यावर मात्र जेमतेम दीड कोटीच फिटलेले दिसतात. पूर्ण उचल फिटायला सुमारे १६ कोटी ६७ लाख जमावे लागतात, आणि तोवर स्टुडिओला विक्रीतून एक रुपयाही मिळत नाही. म्हणून ‘गेम एवढा खपला, आता यांना पैशांची काय कमी’ हे विधान मला घाईचे वाटते. दुसरी बाजूही खरी आहे, ती म्हणजे न चाललेल्या गेमचा आर्थिक तोटा पब्लिशर सोसतो आणि त्या जोखमीची किंमत तो चाललेल्या गेममधून वसूल करतो.

आपल्या मतांचे वजन या करारांत कसे शिरते, याचे सर्वांत बोचणारे उदाहरण २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’चे आहे. ओब्सिडियन या स्टुडिओने तो सुमारे दीड वर्षात घडवला आणि बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने प्रकाशित केला. ओब्सिडियनचे क्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितले, की विक्रीतला वाटा स्टुडिओला नव्हताच. ठरलेली रक्कम होती आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले तर वर बोनस होता. गुण मिळाले ८४. हा गेम बाजारात आला तेव्हा त्यात दोष खूप होते आणि समीक्षकांनी ते दाखवले, हे योग्यच झाले. तरीही समीक्षकांच्या मतांची सरासरी काढून तिच्यातल्या एका गुणावर शेकडो दिवसांच्या मेहनतीचे मोल ठरावे, ही अट मला अन्यायाची वाटते.

शिवाय फॉलआउट हे नाव बेथेस्डाचे होते, त्यामुळे ओब्सिडियनला मनात आले म्हणून पुढचा भाग काढता येत नव्हता. नावाची मालकी कोणाकडे, हा प्रश्न इथे पैशाइतकाच मोठा ठरतो. बंजी हा स्टुडिओ २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टपासून वेगळा झाला तेव्हा त्याने जन्माला घातलेला ‘हेलो’ हा गेम मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. पुढे ॲक्टिव्हिजन या पब्लिशरबरोबर ‘डेस्टिनी’ या गेमचा करार झाला तेव्हा बंजीने नाव स्वतःकडे ठेवले, आणि २०१९ च्या जानेवारीत दोघे विलग झाले तेव्हा बंजी ‘डेस्टिनी’ घेऊनच बाहेर पडला. लॅरियन या स्टुडिओने २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ स्वतःच घडवला आणि स्वतःच प्रकाशित केला, पण ते नाव विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्याच कंपनीचे आहे.

हा गुंता आपल्या घराघरांत पोहोचला तो पबजीमुळे. मूळ गेम दक्षिण कोरियात घडलेला, मोबाइलची आवृत्ती टेन्सेंट या चिनी कंपनीच्या स्टुडिओने केलेली आणि भारतातला पब्लिशरही टेन्सेंटच. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली तेव्हा त्यांत पबजी मोबाइलही होता. त्यानंतर काही दिवसांतच कोरियन कंपनीने भारतापुरता प्रकाशनाचा हक्क टेन्सेंटकडून काढून घेतला, आणि २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने गेम परत आला तेव्हा पब्लिशरच्या जागी क्राफ्टॉनचे, म्हणजे मूळ गेमच्या मालक कोरियन कंपनीचे, नाव होते.