पोलीस अधीक्षकाची दिनचर्या (महाराष्ट्र)

आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील जिल्हा पोलीस दलाचे प्रमुख म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक, लोकांच्या तोंडी ‘एसपी साहेब’ किंवा ‘एसपी मॅडम’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार हे दल जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असते. शहराच्या पोलीस आयुक्तांना असलेले दंडाधिकाऱ्याचे अधिकार अधीक्षकांकडे नसतात. त्यामुळे त्यांच्या टेबलावर प्रस्तावांची संख्या मोठी असते. धोकादायक गुन्हेगारांना खटल्याविना अडकवून ठेवण्याच्या एमपीडीए कायद्याखालील स्थानबद्धतेचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावण्यास पूर्वपरवानगी परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडून येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ खाली टोळीला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करण्याचा आदेश मात्र अधीक्षक स्वतःच्या सहीने काढतात.

दिवस कार्यालयात पोहोचण्याआधीच सुरू झालेला असतो. नियंत्रण कक्षाकडून रात्रीचा गोषवारा येतो: खून, दरोडे, घरफोड्या, अपघात, अकस्मात मृत्यू, ११२ वर आलेले महत्त्वाचे कॉल. जिल्हा विशेष शाखेचा अहवाल वेगळा असतो. त्यात मोर्चे, उपोषणांचे इशारे, गावागावांतले तणाव असतात. परेडच्या दिवशी सकाळ मुख्यालयाच्या मैदानावर जाते. एरवी गंभीर गुन्ह्याचे ठिकाण जवळ असेल तर गाडी आधी तिकडे वळते.

कार्यालयात वाचक शाखा टपाल समोर ठेवते. त्यानंतरची अभ्यागतांची वेळ हा या दिनचर्येचा सर्वांत मोलाचा भाग, आणि बैठका वाढल्या की आधी कात्री लागते तीही याच वेळेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १७३(४) प्रमाणे ठाण्याने दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याची फिर्याद घेण्यास नकार दिला, तर फिर्यादी ती माहिती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांकडे पाठवू शकतो. त्यातून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर अधीक्षकांनी स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याकडून करून घ्यायचा. तिथेही दाद मिळाली नाही, तर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जावे लागते. म्हणजे पोलीस दलाच्या आत सामान्य माणसासाठी कायद्याने ठेवलेले हे शेवटचे दार. व्हरांड्यात बसलेल्यांच्या हातात बहुधा घड्या पडून मऊ झालेला अर्ज आणि ठाण्याची पोच असते. कोणाची जमिनीची भांडणे, कोणाची पळून गेलेली मुलगी, कोणाची ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण केली’ ही तक्रार.

अर्जाच्या समासात अधीक्षक शेरा मारतात. ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ एवढेच लिहून अर्ज संबंधित ठाण्याकडे गेला, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती तो पडतो, आणि अर्जदाराची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होते. जाणते अधिकारी असा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा स्थानिक गुन्हे शाखेकडे देतात, मुदत घालतात, आणि कित्येकदा अर्जदारासमोरच ठाणेदाराला फोन लावतात. तो एक फोन गावात महिनाभर बोलला जातो.

गुन्हे आढावा बैठक, म्हणजे क्राइम मीटिंग, साधारणपणे महिन्यातून एकदा होते. ठाणेदारांना तिची धास्ती असते. तिथे प्रश्न आकड्यांचे असतात: प्रलंबित गुन्हे किती, फरार आरोपी किती, कोणत्या गुन्ह्यात अटकेला किती दिवस झाले. साधारणतः गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे तपास अधिकाऱ्याचा आळस थेट फिर्यादीच्या माथी येतो. आज्ञांकित कक्षात दलातल्याच माणसांचे ऐकायचे असते: बदली, रजा, क्वार्टर, थांबलेली वेतनवाढ. बंदोबस्तावर सलग राबणाऱ्या शिपायाला या दालनात बसून बोलता येते का, यावर त्या जिल्ह्याचे दल कसे चालते ते कळते.

सण आले की हे सगळे वेळापत्रक गुंडाळून ठेवावे लागते. गणेश विसर्जनाला मिरवणुकीचा मार्ग पायी पाहणे, शांतता समितीच्या बैठका, राखीव पोलीस दलाच्या तुकड्यांची नेमणूक यांत दिवस जातात. आषाढी वारीत सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षकांचा मुक्काम प्रत्यक्षात पंढरपुरातच असतो.

रात्री नाकाबंदीची आणि गस्तीची अचानक तपासणी होते. ठाण्याला भेट देताना स्टेशन डायरी आणि कोठडी पाहिली जाते. कोठडीत मृत्यू झाला, तर तो २४ तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावा लागतो. अधीक्षकांचा फोन त्यामुळे कधी बंद नसतो. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जिल्ह्याच्या अधीक्षकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचे निर्देश दिले. जिल्ह्यातली गावे, टोळ्या आणि स्वतःची माणसे ओळखायलाच पहिले कित्येक महिने जातात, म्हणून ही मुदत पाळली जाणे फार गरजेचे आहे.