तरुण शेतकरी पाठपुरावा चळवळ

तरुण शेतकरी पाठपुरावा चळवळ : शेतीत नव्याने उतरणाऱ्या पिढीला जमीन, भांडवल व खात्रीचे गिऱ्हाईक मिळावे आणि पिकवणारा व खाणारा यांच्यातील अंतर कमी व्हावे, यासाठी कायदे, अनुदाने व लोकमत यांवर प्रभाव टाकणारे संघटित प्रयत्न. काही संस्था यास ‘जनवकिली’ म्हणतात. चळवळीची निकड वयाच्या आकड्यांवरून ध्यानात येते. २०२० मध्ये युरोपीय संघात शेती सांभाळणाऱ्यांपैकी ४० वर्षांखालील केवळ १२ टक्क्यांच्या आसपास होते. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेत उत्पादकांचे सरासरी वय ५८.१ वर्षे भरले, तर जपानच्या २०२० च्या गणनेत मुख्यतः शेतीवर जगणाऱ्यांचे ६७.८ वर्षे.

‘तरुण’ कोणास म्हणावे, याबाबत एकवाक्यता नाही. युरोपीय संघ वयाची अट लावतो. सध्याच्या नियमांनुसार सदस्य देशांनी ती ३५ ते ४० वर्षांच्या दरम्यान ठरवावयाची असते. अमेरिकी कायदा वय पाहत नाही. ज्याला शेती करू लागून दहा वर्षांहून अधिक काळ झालेला नाही, तो ‘नवशेतकरी’. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. वयाच्या अटीत घरची जमीन नावावर झालेला वारस सहज बसतो. अनुभवाच्या अटीत पन्नाशीत स्वतःची शेती सुरू करणारा शेतमजूरही बसतो. भूमिहीनांच्या दृष्टीने दुसरी व्याख्या अधिक न्याय्य ठरते.

आरंभीच्या संघटनांचा भर शिक्षणावर होता. इंग्लंडमधील पहिले तरुण शेतकरी मंडळ १९२१ मध्ये डेव्हन परगण्यातील हेमिऑक येथे वासरे वाढवण्याच्या उपक्रमातून निघाले. फ्रान्समध्ये १९२९ साली स्थापन झालेल्या कॅथलिक कृषी-युवक संघटनेचे कार्यकर्ते पुढे शेतकरी संघटनांच्या नेतृत्वात आले व त्यांच्या मागण्यांचा ठसा १९६० च्या कृषी कायद्यावर उमटला. या कायद्याने विक्रीस आलेली शेतजमीन घेऊन ती गरजू शेतकऱ्यांना देणाऱ्या प्रादेशिक संस्था उभ्या केल्या. १९६२ मध्ये त्यांना अग्रक्रयाधिकार, म्हणजे इतरांच्या आधी जमीन विकत घेण्याचा हक्कही मिळाला. तरुणांच्या संघटित मागणीचे इतके ठोस कायदेशीर फळ इतरत्र क्वचितच दिसते.

स्थानिक शेतीच्या बाजूने सर्वाधिक पसरलेला मार्ग म्हणजे ग्राहकांनी हंगामापूर्वीच पैसे भरून पिकात हिस्सा घेणे व पीक बुडाल्यास तोटाही वाटून घेणे. या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. पुष्कळ ग्रंथांत तो जपानमधील ‘तेइकेइ’ पद्धतीत दाखवला जातो. जपानी सेंद्रिय शेती संघटना १९७१ मध्ये सहकारी चळवळीतील नेते तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिने १९७८ मध्ये तेइकेइची दहा तत्त्वे मांडली. परस्पर संमतीने भाव ठरवणे, ठरल्याप्रमाणे पिकलेला सर्व माल स्वीकारणे व वाटप स्वतःच करणे ही त्यांतील प्रमुख होत. तेइकेइ म्हणजे ‘शेतकऱ्याचा चेहरा असलेले अन्न’ असा अर्थ वारंवार दिला जातो, तो शब्दशः बरोबर नाही. मूळ शब्दाचा अर्थ सहकार्य अथवा हातमिळवणी. चेहऱ्याची कल्पना हे नंतरचे विवरण दिसते.

अमेरिकेतील आरंभ १९८५–८६ च्या सुमाराचा मानतात. मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन शेतावर रॉबिन व्हॅन एन व सहकाऱ्यांनी १९८५ च्या शरदात सफरचंदांचे हिस्से विकले. भाजीपाल्याचा पहिला हंगाम १९८६ चा. त्याच वर्षी न्यू हॅम्पशरमध्ये टेंपल-विल्टन शेत सुरू झाले. त्यामुळे पहिला मान कोणाचा, हे सफरचंदांचा हंगाम धरावा की नाही यावर ठरते. दोन्ही ठिकाणी प्रेरणा युरोपातून आली. पहिल्या गटातील जॅन व्हँडर टुइन यांना स्वित्झर्लंडमधील अशा प्रयोगाचा अनुभव होता, तर दुसऱ्याचे एक संस्थापक ट्राउगर ग्रो उत्तर जर्मनीतील बुशबर्गहोफ या शेतावरून आले होते. जपानशी थेट दुवा त्यांच्या वृत्तांतांत आढळत नाही. शिवाय अलाबामातील टस्कीगी येथील कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली हे १९७० च्या दशकातच कृष्णवर्णीय छोट्या शेतकऱ्यांना आगाऊ वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांची मंडळे बांधण्याचा सल्ला देत होते. या इतिहासात त्यांचे नाव दीर्घकाळ गाळले गेले, हे अन्यायाचे होय. एकच मूळ शोधण्यापेक्षा हे प्रवाह समांतर मानणे सयुक्तिक वाटते. फ्रान्समध्ये ही पद्धत २००१ मध्ये मार्सेजवळील ओबान्य येथे न्यूयॉर्कमधील शेताच्या अनुभवावरून आली, याविषयी मात्र मतभेद नाही.

ग्राहक मिळाले तरी जमिनीचा प्रश्न उरतोच. व्हॅन एन यांचे १९९७ मध्ये निधन झाले, तेव्हा इंडियन लाइनची जमीन विक्रीस निघण्याची वेळ आली. १९९९ मध्ये तेथील सामुदायिक भूविश्वस्त संस्थेने (समाजाच्या वतीने जमीन धारण करणाऱ्या संस्थेने) जमीन विकत घेतली, एका निसर्गसंरक्षक संस्थेने तिच्या वापरावरील निर्बंधाचे हक्क घेतले आणि घर-गोठे विकत घेणाऱ्या तरुण शेतकरी जोडप्यास जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळाली. या विश्वस्त संस्थेच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यावर विनोबा भावे यांच्या ग्रामदान कल्पनेचा प्रभाव होता. पोचमपल्लीत १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदानातून ही कल्पना पुढे आली. तिच्या धर्तीवर १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी सुमारे ५,७०० एकरांची पहिली भूविश्वस्त संस्था उभी राहिली. कर्जापायी ती जमीन १९८५ मध्ये गेली. फ्रान्समध्ये २००३ साली स्थापन झालेली ‘तेर द लियाँ’ ही संस्था नागरिकांच्या भागभांडवलातून जमीन घेऊन ती पर्यावरणीय अटींसह खंडाने देते.

शाश्वत शेतीशी जमिनीच्या मुदतीचा संबंध थेट आहे. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी युरोपात हंगामी पिकांना दोन व बहुवार्षिक पिकांना सामान्यतः तीन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो, अमेरिकेत तीन वर्षांचा. वर्षाच्या बोलीने जमीन कसणारा तोवर तेथे राहील याची शाश्वती नसते. तो झाडे लावत नाही, आणि जमिनीचा कस वाढवण्यावर केलेल्या खर्चाचा लाभ पुढच्या कुळाला होतो.

रोख मदतीबाबतचा अनुभव संमिश्र आहे. जपानने २०१२ मध्ये ४५ वर्षांखालील नवागतांना वर्षाला १५ लाख येनपर्यंत साहाय्य सुरू केले. उत्पन्न नसलेल्या पहिल्या वर्षांसाठी ते आखलेले होते. युरोपीय संघाची २०१४ नंतरची पूरक रक्कम बहुतेक देशांत क्षेत्रानुसार मिळे, म्हणजे जमीन आधीच असणाऱ्यास. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने २०१७ च्या अहवालात ही मदत नेमक्या गरजूंपर्यंत पोहोचण्यासाठी सुधारण्याची शिफारस केली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी १२१ विरुद्ध ८ मतांनी स्वीकारलेल्या शेतकरी हक्क घोषणापत्राच्या १७ व्या कलमात जमिनीचा हक्क नमूद आहे. ५४ देश तटस्थ राहिले. हे घोषणापत्र बंधनकारक नसले तरी संघटना पाठपुराव्यात त्याचा आधार घेतात.