पदवी घेऊन परमुलखात: सोलापूरच्या अंगणातली जुनी गोष्ट

समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी सोलापुरातल्या एखाद्या घरात जाहीर करते, की मी वर्षभर परदेशात जाणार, तिथल्या विधवा, टाकलेल्या, निर्वासित बायकांबरोबर काम करणार. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पगार किती?" पगार नाही, निर्वाहभत्ता मिळतो, असं कळलं की दुसरा येतो, "मग इथं काय अडलेल्या बायका कमी हायेत का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर मात्र गावाच्या इतिहासातच सापडतं, आणि ते थोडं अवघड आहे.

या गावातून सेवेसाठी परदेशी गेलेला सर्वांत प्रसिद्ध पदवीधर म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, सोलापुरातला; डॉक्टरकी मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनानी जू द यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. बाकीचे चौघे परतले, ते राहिले. चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, आघाडीजवळच्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. चीनचे पाहुणे तिथे आवर्जून येतात. सोलापूरकर मात्र बऱ्याचदा त्याच्यासमोरून रिक्षातून निघून जातो.

कोटणीसांचं उदाहरण लगेच तोंडावर येतं, पण ते अर्धंच लागू पडतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला 'मी काय देणार?' हा प्रश्न पडत नाही. बायकांच्या सक्षमीकरणाला जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीला तो पडायलाच हवा.

कारण बाहेरून मदतीला येणं म्हणजे काय, हे सोलापूरने दुसऱ्या बाजूनेही पाहिलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेची माणसं इथे आली. त्यांत शिकलेल्या, अविवाहित बायकाही होत्या. मुलींच्या शाळा निघाल्या, आणि कितीतरी घरांतली पहिली शिकलेली मुलगी त्या शाळांतून बाहेर पडली. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळचा शब्द होता 'उद्धार', आणि उद्धार करणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो. पंडिता रमाबाईंना हे फार लवकर भोगावं लागलं. बोस्टनमध्ये १८८७ साली त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झालं, त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांची निवासी शाळा निघाली, ती पुण्याला हलली आणि चार वर्षांत धर्मांतराच्या वादाने तिथे गदारोळ झाला. पैसा कुणाचा, शब्द कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासून मदतीला चिकटलेलाच आहे.

त्याचं सर्वांत कडू रूप पाहायचं तर सोलापूरच्या सेटलमेंटकडे पाहावं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं. तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, हजेऱ्या लागल्या, बायाबापड्यांना कामाला जुंपलं गेलं. आणि हे सगळं 'सुधारणा' या नावाखाली. मुंबई इलाख्यातल्या काही वसाहतींचा कारभार तर सरकारने मिशनऱ्यांकडेच सोपवला होता. हेतू वाईट नव्हता म्हणावं तर कुंपण खरं होतं. ऑगस्ट १९५२ च्या अखेरीस कायदा गेला, तार निघाली. वस्तीचं नाव सेटलमेंट राहिलं ते राहिलंच.

स्वयंसेवकाने परदेशात जायची आजची पद्धत या मिशनच्या वाटेने आलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय सेवासंघ काढला. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्ये घरं बांधायला आले होते. पुढे १९५८ मध्ये ब्रिटनमधून व्हीएसओ, १९६१ मध्ये अमेरिकेची पीस कोअर, अशा स्वयंसेवकांना परदेशी पाठवणाऱ्या संस्था निघाल्या. भारतात पीस कोअरचं काम १९७६ पर्यंत चाललं. कोवळी पदवीधर पोरं यायची, पण सगळीच कोवळी नव्हती. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन साठी उलटल्यावर विक्रोळीत येऊन राहिल्या आणि तिथल्या दवाखान्यात राबल्या! संयुक्त राष्ट्रांनी स्वयंसेवक योजना १९७० मध्ये मंजूर केली आणि इथे गाडीची दिशा बदलायला लागली. आज या योजनेतले बहुसंख्य स्वयंसेवक विकसनशील देशांतले आहेत. तरुणांसाठी त्यात वेगळी सोय आहे.

'सक्षमीकरण' हा शब्दही असाच उशिरा आला. उद्धारानंतर 'कल्याण' आलं. १९५३ चं केंद्रीय समाजकल्याण मंडळ त्या काळाचं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', स्थापन झालं आणि शब्द झाला 'विकास'. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला घेतले, १९९४ मध्ये राज्याचं महिला धोरण आलं, १९९५ मध्ये बीजिंगची जागतिक महिला परिषद झाली, आणि २००१ हे वर्ष केंद्राने महिला सबलीकरणाचं म्हणून जाहीर केलं. शब्द बदलले म्हणून बाईचं ओझं हललं असं नाही. पण कर्ता बदलला. पूर्वी बाईचं काहीतरी केलं जायचं. आता निदान कागदावर तरी तीच करते.

सोलापुरात हे कागदाच्या आधी घडलं होतं, विडीच्या सुपावर. गिरण्या बंद पडत गेल्या, पुरुषाचा पगार गेला आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांचा डोलारा बाईच्या हजार विड्यांवर उभा राहिला. पान-तंबाखू घेऊन यायचं, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा, कट्टे बांधायचे आणि कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथे 'छाट' म्हणून मूठ-मूठ विड्या बाजूला पडायच्या, त्यांची मजुरी नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. तरी हिशेब कसा मागायचा, भविष्य निर्वाह निधीचा कागद कसा वाचायचा, हे या बायका मोर्च्यात शिकल्या. २००६ मध्ये कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती त्याच रेट्यातून. तिला नाव आहे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं. या गोदूताईसुद्धा पदवीधरच, त्याही कायद्याच्या, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या. त्या समुद्र ओलांडून नाही, तर डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींमध्ये गेल्या. अंतर म्हणाल तर तेव्हाच्या पुण्याहून ते परदेशाइतकंच होतं.

म्हणून 'इथं बायका कमी हायेत का' याला माझं उत्तर असं, की कमी नाहीत, आणि त्यामुळेच इथल्या मुलीच्या हाती काहीतरी आहे. 'सेवा' या अहमदाबादच्या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी काबूलमध्ये युद्धात नवरा गमावलेल्या बायकांना शिवण-भरतकाम शिकवलं, तेव्हा त्यांनी आपल्या गल्लीतला अनुभवच नेला होता. आईला छाटीवरून मुकादमाशी भांडताना पाहिलेली मुलगी परक्या देशातल्या चहाच्या मळ्यात किंवा शिलाई कारखान्यात पहिल्यांदा वजनकाट्याकडे बघेल. ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसतं. पण ती तिथे वर्षभरच असणार आणि तिथल्या बायका जन्मभर, हेही तिला कळायला हवं. शब्द शेवटी त्यांचाच.

भाषेची तिला फारशी भीती नसावी. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोट रस्त्याला कन्नड, बाजारात हिंदी, असं तिचं आधीच चाललेलं असतं. आणखी एक शिकायला कोटणीसांना किती वेळ लागला, ते भैय्या चौकात जाऊन बघता येईल.