कीटकनाशके व बुरशीनाशके : बेळगाव सीमाभागातील पिकांवर, किडींवर व इतर जीवांवर होणारे परिणाम

पिकावरची कीड किंवा रोग आटोक्यात आणण्यासाठी फवारलेली, धुरळलेली, बियाण्याला चोळलेली वा मातीत टाकलेली रसायने त्या किडीपुरती थांबत नाहीत. किडी खाणारे कीटक आणि कोळी, किडींना रोग पाडणाऱ्या बुरश्या, मधमाश्या, गांडुळे, मासे-खेकडे, पक्षी आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस हे सगळे त्यांच्या वाटेत येतात. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर बरेच बोलले जाते. बुरशीनाशकांविषयी मात्र ‘ते रोगाचे औषध, किडीशी त्याचा काय संबंध’ असा समज आहे. बेळगाव जिल्ह्यातली पिके पाहिली तर तो टिकत नाही.

प्रदेश व पिके : कर्नाटकातील बेळगाव (नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्यात बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या तालुक्यांत मराठी बोलणारा शेतकरी मोठ्या संख्येने आहे. पश्चिमेला खानापुरात सह्याद्रीचा पाऊस, भात आणि काजू. बेळगाव शहरालगत वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात बासमती भात. कडोली परिसरात बटाटा आणि भाजीपाला. निपाणीकडे तंबाखू आणि सोयाबीन. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठाने ऊस. पूर्वेला पर्जन्यछायेतल्या अथणीत द्राक्षबागा. एका जिल्ह्यात इतकी वेगवेगळी पिके असल्याने औषधांचीही तितकीच गर्दी. शिफारशी दोन बाजूंनी येतात. एक धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाची, कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून आणि बहुधा कन्नडमध्ये. दुसरी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्यांकडून मराठीत. दोन्हींच्या मध्ये दुकानदार असतो, आणि शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्याचाच.

सोयाबीन, तांबेरा आणि अळीवरची बुरशी : कृष्णाकाठच्या पट्ट्यात सोयाबीनवर तांबेरा हा मोठा रोग आहे. ‘फॅकोप्सोरा पॅकिरायझी’ या बुरशीमुळे तो होतो. श्रावण-भाद्रपदात झड लागली, पाने दिवसभर ओली राहिली की पानाच्या खालच्या बाजूला तांबूस-तपकिरी पुळ्या उठतात. बोट फिरवले तर विटकरी भुकटी लागते. पाने पिवळी पडून गळतात आणि शेंगा पोचट राहतात. त्यावर हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांसारखी ट्रायाझोल गटातली बुरशीनाशके फवारतात. वेळेवर पडली तर ती काम करतात, यात वाद नाही.

अडचण अशी की याच आठवड्यांत, याच पानांवर दुसरी एक बुरशी आपले काम करत असते. तिचे नाव ‘मेटारायझियम रिलेई’. शेतकरी आणि कृषी सहायक अजून जुन्याच नावाने ‘नोमुरिया’ म्हणतात. सोयाबीनवरची पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा लिट्युरा, निपाणीत हीच तंबाखूवरची अळी) आणि घाटे अळी यांना ती रोग पाडते. बीजाणू अळीच्या कातडीवर पडून रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि अळीच्या रक्तात बुरशी वाढते. अळीचे खाणे कमी होते आणि साधारण आठवडाभरात ती मरते. मेलेली अळी गळून पडत नाही. पानाला किंवा शेंड्याला घट्ट चिकटून राहते, काडीसारखी कडक होते. आधी तिच्यावर पांढरा लेप चढतो आणि दमट हवा टिकली तर एक-दोन दिवसांत त्यावर फिकट हिरवी पूड धरते. पूड म्हणजे नवे बीजाणू. वारा आणि पाऊस ते शेजारच्या झाडांवर नेतात. पावसाळी हवा चांगली राहिली तर रोगाची अशी साथ पसरते की अळीसाठी वेगळी फवारणी करायची गरजच पडत नाही. धारवाडच्या विद्यापीठाने या बुरशीवर दीर्घकाळ काम केले असून तिची भुकटी फवारणीसाठीही वापरतात.

बुरशीनाशकाला तांबेऱ्याची बुरशी आणि नोमुरिया यांत फरक करता येत नाही. ट्रायाझोल पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल हा घटक बनू देत नाहीत, आणि तो दोन्ही बुरश्यांना लागतो. मॅन्कोझेब, कार्बेन्डॅझिम ही बुरशीनाशके किंवा ट्रायाझोल मिसळलेल्या माध्यमावर नोमुरिया प्रयोगशाळेत वाढत नाही किंवा नावापुरती वाढते. शेतात परिणाम इतका टोकाचा नसतो. औषध सगळ्या पानांवर सारखे बसत नाही, पावसाने धुऊन जाते. तरी साथ उशिरा लागते, आणि अळीला तेवढा उशीर पुरतो. अमेरिकेत 1970च्या दशकात सोयाबीनवर बेनोमिल हे बुरशीनाशक फवारलेल्या शेतांत अळ्या वाढल्याचे आढळले होते, आणि कारण हेच होते. म्हणून तांबेऱ्यासाठी मारलेल्या औषधानंतर ‘अळी कुठून आली’ असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा शेजारच्या शेतात नसते.

यातून सुटायचा चांगला रस्ता फवारणीच्या वेळापत्रकात नसून वाणात आहे. धारवाडच्या विद्यापीठाने तांबेऱ्याला प्रतिकारक असा ‘डीएसबी 21’ हा सोयाबीनचा वाण दिला आहे. रोगच कमी आला तर बुरशीनाशकाची गरज कमी आणि नोमुरिया मोकळी. प्रतिकारक वाणाचा हा दुसरा फायदा बियाण्याच्या पिशवीवर कुणी छापत नाही.

पेरणीच्या वेळीही हीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडते. थायरम किंवा कार्बेन्डॅझिम चोळलेल्या बियाण्याला लगेच रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरश्यांना रोखणारी बुरशी) लावले तर जिवंत संवर्धनाचा बराच भाग वाया जातो. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच असल्याने कार्बेन्डॅझिमपुढे ती तग धरत नाही. आधी रासायनिक प्रक्रिया, ती सुकल्यावर पेरणीच्या तोंडावर संवर्धन, असा क्रम म्हणूनच सांगितला जातो. ट्रायकोडर्मा लावायचे असेल तर कार्बेन्डॅझिम टाळलेलेच बरे.

ऊस आणि लोकरी मावा : 2002 मध्ये दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील उसावर लोकरी मावा (सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा) प्रचंड प्रमाणात आला. पानाच्या खाली मधल्या शिरेलगत कापसासारखे पांढरे थर, वरून ठिबकणारा चिकट गोडवा आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी, यामुळे अख्खे फड काळवंडले. पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे औषधाची होती. पण डोक्यावर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणे आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवणे जवळजवळ अशक्य. जे पोचले त्याने माव्याबरोबर त्याचे शत्रूही मेले.

हे शत्रू होते तरी कोण? एक ‘डिफा’ (जुने नाव कोनोबाथ्रा), म्हणजे चक्क मावा खाणारी अळी. अळी दिसली की औषध मारायचे, या सवयीत तिचा बळी जाणे ठरलेलेच. दुसरा ‘मायक्रोमस’, तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक. त्याची पैदास धारवाडच्या विद्यापीठाने करून दिली. तिसरी ‘एन्कार्सिया’ ही माव्याच्या अंगात अंडी घालणारी सूक्ष्म गांधीलमाशी, जी ईशान्य भारतातून आणून सोडली गेली. शेडनेटखाली मावाग्रस्त ऊस ठेवून त्यावर डिफा वाढवण्याचे प्रयोग दोन्ही राज्यांत झाले. पुढे मावा आटोक्यात आला तो मुख्यतः यांच्या जोरावर. औषध न मारण्याचा निर्णय इतक्या मोठ्या क्षेत्रावर योग्य ठरल्याचे दुसरे उदाहरण या भागात सापडणे कठीण.

हुमणीची गोष्ट वेगळी. ती मातीत असते आणि ऊस मुळापासून कुरतडते, त्यामुळे वर्षानुवर्षे सरीत फोरेटचे दाणे टाकले गेले. फोरेट हे जहाल विष. नांगरामागे हुमणी वेचायला येणारे बगळे आणि मैना यांच्यावरही त्याचा घाला पडू शकतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडे हलवून गोळा करणे हा उपाय कष्टाचा, पण गावाने मिळून केला तर उपयोगी. एकट्याने केला तर शेजाऱ्याचे भुंगेरे आपल्याकडे येतात, एवढेच.

भाजीपाला आणि प्रतिकारशक्ती : कोबी-फ्लॉवरवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग (प्लुटेला झायलोस्टेला) कीटकनाशके पचवण्यात जगभर कुप्रसिद्ध आहे. जावा बेटावर 1950च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याने डीडीटीला दाद देणे सोडले होते, आणि पुढे बीटी जिवाणूच्या फवाऱ्यालाही शेतात प्रतिकार करणारी पहिली कीड तीच ठरली. याची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. आठवड्याला एक फवारणी म्हणजे दर पिढीत जे मेले नाहीत त्यांचीच निपज. त्याच फवाऱ्यात ‘कोटेशिया’ ही अळीच्या पोटात वाढणारी गांधीलमाशी मरते. तिची संख्या किडीइतक्या लवकर भरून येत नाही. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या ओळी लावण्याची पद्धत सुचवली. पतंग मोहरीवर अंडी घालतो आणि औषध लागलेच तर ते तेवढ्या ओळींवर मारायचे.

मिरचीवर कोळ्यांचा, म्हणजे अष्टपाद किडींचा, उपद्रव अनेकदा फवारणीनेच वाढतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके फुलकिडे मारतात, पण पिकावरचे कोळी त्यांना फारसे जुमानत नाहीत. मरतात ते कोळी खाणारे कोळी. पाने चुरडली की शेतकरी पुन्हा तेच औषध, थोडे जास्त, मारतो. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचेही असेच. पायरेथ्रॉइडने शेतातले कोष्टी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारा हिरवा ढेकूण मेले की महिन्याभरात तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त. शिवाय ही औषधे माशांना अतिशय विषारी असल्याने खाचरातले पाणी ओढ्याला सोडले तर खेकडे आणि मासेही जातात.

द्राक्षबागा : अथणीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या भीतीने फवारण्या सुरू होतात. बोर्डो मिश्रण (एक टक्क्यासाठी 100 लिटर पाण्यात मोरचूद आणि चुना प्रत्येकी 1 किलो) जुने, स्वस्त आणि परिणामकारक. पण मोरचुदातले तांबे कुजत नाही, विरत नाही. वर्षामागून वर्षे तेच मातीच्या वरच्या थरात साठत जाते, आणि गांडुळे त्या थरातून दूर जातात. कार्बेन्डॅझिमचाही गांडुळांना त्रास होतो. गंधक भुरीवर चालते, पण कोळी खाणाऱ्या कोळ्यांना मारक ठरते. पिठ्या ढेकणासाठी पैसे देऊन तो खाणारे क्रिप्टोलिमस भुंगे आणून सोडायचे आणि पाठोपाठ कडक कीटकनाशक मारायचे, हेही बागांत घडते.

मधमाश्या : खानापूरच्या जंगलात आग्या आणि सातेरी, पूर्वेकडे सूर्यफुलावर येणाऱ्या माश्या, यांचा संबंध फवारणीच्या वेळेशी आहे. सकाळी फुलोऱ्यात मारलेले औषध माश्यांच्या अंगावर पडते. संध्याकाळी उशिरा मारले तर धोका बराच कमी होतो. निओनिकोटिनॉइड हा कीटकनाशकांचा गट मात्र बियाण्यातून झाडात शिरतो आणि परागापर्यंत पोचतो. (या गटाची रचना निकोटिनसारखी आहे. निपाणीत ओल्या तंबाखूच्या पानांत राबणाऱ्या मजुरांना कातडीवाटे निकोटिन भिनून मळमळ-चक्कर येते, तेव्हा त्यांच्या शरीरात निकोटिन जिथे चिकटते तोच चेतातंतूंवरचा ग्राही कीटकांत या औषधांचे लक्ष्य असतो.)

मधमाश्यांबाबतही बुरशीनाशक निरुपद्रवी नाही. विष पचवण्यासाठी माशीच्या शरीरात जी विकरे असतात, त्यांना ट्रायाझोल अडवतात. प्रोपिकोनॅझोलबरोबर दिल्यास काही कीटकनाशकांची विषबाधा प्रयोगशाळेत शेकडो पटींनी वाढलेली दिसली आहे. मजुरी वाचवायला एकाच टाकीत बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि स्टिकर ढवळण्याची रीत इथे सर्रास आहे, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ नाही.

वटवाघळे : खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत ‘रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ’ राहते. बराच काळ ही जात जगात फक्त याच गुहेतून माहीत होती. ते कीटकभक्षी आहे, म्हणजे शिवारात उडणाऱ्या पतंगांशी त्याचे पोट बांधलेले.

माणूस : ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे ॲसिटाइलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. ते अळीत, माशात, बगळ्यात आणि माणसात सारखेच काम करते. बाहुल्या बारीक होणे, लाळ, घाम, श्वास कोंडणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. ॲट्रोपिन हा उतारा डॉक्टरच देतात. जाताना डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर न्यावे.

कायदा आणि लेबल : कीटकनाशक अधिनियम 1968 आणि 1971चे नियम देशभर लागू आहेत. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये बंदी घातली. केंद्राच्या 2018च्या आदेशाने बेनोमिल, कार्बारिल, मिथाइल पॅराथिऑन इत्यादी लगेच, तर फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस इत्यादी 2020 अखेर बंद झाली.

डब्यावरचा रंगीत चौकोन अर्धा वाचला जातो. त्यातला लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण मुख्यतः उंदरांवरील चाचणीतून ठरलेली तीव्र विषबाधा सांगतो. लाल म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंतची तोंडावाटे मात्रा निम्मे प्राणी मारते, हिरवा म्हणजे त्यासाठी 5000 मिलिग्रॅमहून अधिक लागते. मधमाशी, मासा, गांडूळ, नोमुरिया यांचा त्या रंगात हिशेब नाही. मॅन्कोझेब आणि कार्बेन्डॅझिम दोन्ही हिरव्या त्रिकोणाची आहेत.