तंबाखूचा भाव आणि रात्री येणारे मुखवटेवाले

शेतकऱ्यांनी एकी करून माल अडवून धरला की व्यापारी नरमतो, हे कोणाला सांगायला नको. पण ती एकी टिकवायची कशी हा खरा अवघड प्रश्न, आणि त्यातून कधीकधी फार वाईट गोष्टी निघतात. अमेरिकेतली 1904 ते 1909 ची तंबाखूची लढाई हे त्याचं अगदी नीट समजून घेण्यासारखं उदाहरण आहे, आपल्याकडे फारसं कोणी त्यावर लिहीत नाही म्हणून लिहितोय.

केंटकी राज्याचा पश्चिम भाग आणि त्याला लागून शेजारच्या टेनेसी राज्याचा काही भाग, या पट्ट्याला ब्लॅक पॅच म्हणतात. इथली तंबाखू जाड पानाची, लाकडी कोठारात टांगून खाली जाळ करून धुरावर वाळवलेली, त्यामुळे काळपट. यातली बरीच युरोपात जायची. आता झालं असं की 1890 मध्ये जेम्स ड्यूकने अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली, तिने एकेक स्पर्धक गिळला, आणि परदेशी खरेदीदारांनीही आपापसात इलाखे वाटून घेतले, म्हणजे शेतकऱ्याच्या दारात यायचा तो एकच गिऱ्हाईक आणि तो सांगेल तो भाव. पौंडामागे खर्च साधारण 6 सेंट येतो असं शेतकरी सांगत होते आणि हातात पडत होते 4 च्या आतच.

24 सप्टेंबर 1904 ला गथ्री नावाच्या गावात हजारो शेतकरी जमले आणि संघटना काढली. सगळ्यांनी माल एकत्र ठेवायचा, भाव मिळेपर्यंत विकायचा नाही, साधा सरळ प्लॅन. कंपनीने काय केलं? संघटनेबाहेरच्या शेतकऱ्याला 10-12 सेंटपर्यंत भाव द्यायला सुरुवात केली! म्हणजे संघटनेमुळे भाव चढला, पण फायदा झाला बाहेर राहिलेल्याला, आणि जो इमानदारीने थांबला त्याच्या घरात माल पडून आणि डोक्यावर कर्ज. अशा बाहेरच्यांना हे लोक चिडून 'हिलबिली' म्हणायचे.

अर्थशास्त्रात याला फुकट्यांचा प्रश्न म्हणता येईल. मॅन्सर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलं की मोठ्या गटात प्रत्येकाचं हित एकच असलं तरी लोक आपोआप एकत्र येत नाहीत, कारण मी नाही आलो तरी फायदा मिळणारच असं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे एकतर वेगळं आमिष लागतं नाहीतर सक्ती. ब्लॅक पॅचमध्ये आमिष कंपनीकडे होतं. उरली सक्ती.

1905 च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीत काही शेतकऱ्यांनी एका शाळेत ठराव करून हिलबिलींना "समजावायला" जायचं ठरवलं, आणि पुढे त्यातून नाइट रायडर्स तयार झाले. तोंडाला मुखवटे, रात्री घोड्यावर, गुप्त शपथ. म्होरक्या कोण तर डेव्हिड अमॉस, गावातला डॉक्टर!

आणि त्यांचं सगळ्यात परिणामकारक हत्यार बंदूक नव्हतं, कुदळ होतं. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया बसतात, त्यामुळे ते थेट शेतात पेरत नाहीत. हिवाळा संपता संपता छोट्या वाफ्यावर लाकडं जाळून तणाचं बी मारायचं, मग बी टाकून वरून पातळ कापड अंथरायचं आणि मे-जूनमध्ये रोपं शेतात लावायची. म्हणजे कित्येक एकराचं अख्खं वर्ष त्या एका वाफ्यात असतं. चार माणसांनी रात्रीत तो खरवडला की संपलं, परत बी टाकायला वेळच उरत नाही.

पुढे प्रकरण वाफ्यांवर थांबलं नाही. 1 डिसेंबर 1906 च्या पहाटे प्रिन्स्टन गावातल्या (ते युनिव्हर्सिटीवालं नाही, केंटकीतलं) कंपनीच्या वखारी पेटवल्या. 7 डिसेंबर 1907 ला हॉपकिन्सव्हिल हे शहरच काही तास ताब्यात घेतलं, पोलीस, फायर स्टेशन, टेलिफोन, टेलिग्राफ, सगळं आधी बंद पाडून. अमॉसला तिथे आपल्याच माणसाची गोळी डोक्याला लागली, तरी वाचला.

आता लॅबमधली गोष्ट. अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅश्टर यांनी 2000 च्या आसपास खेळासारखे प्रयोग केले, त्यात खेळाडूंना सामाईक फंडात पैसे टाकायचे होते. फुकट्यांना शिक्षा करायची सोय दिली की सहकार्य वाढायचं, आणि गंमत म्हणजे शिक्षा करायला स्वतःच्या खिशातले पैसे जात असूनही लोक ती करायचे. माझ्या मते सगळी मेख त्या खर्चातच आहे. लॅबमध्ये शिक्षा करणाऱ्यालाही झळ बसते, शिवाय शिक्षेला मर्यादा असते. मुखवटा घातला की ना झळ ना मर्यादा, मग जुनी भांडणं, जमिनीचे वाद, सगळं त्याच रात्रीत उरकता येतं. मार्च 1908 मध्ये केंटकीतल्या बर्मिंगहॅम गावात मुखवटेवाल्यांनी कृष्णवर्णीयांच्या घरांवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, बाकीचे गाव सोडून गेले. याचा तंबाखूच्या भावाशी काय संबंध?

आपल्याकडे 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखूच्याच भावासाठी आंदोलन झालं, पण ते लोक दिवसाढवळ्या, उघड्या तोंडाने हायवेवर बसले होते. पोलिसांच्या गोळ्या मात्र त्यांनी खाल्ल्या.

नाइट रायडर्सना शेवटी रोखलं ते थोडं गव्हर्नर विल्सनने पाठवलेल्या सैनिकांनी आणि बरंचसं दिवाणी दाव्यांनी. स्थानिक ज्युरीत यांचेच भाऊबंद, त्यामुळे गुन्हा सिद्ध होणं अशक्यच, 1911 मध्ये अमॉसही सुटला. पण मार खाल्लेल्या काहींनी डोकं लावलं. ते दुसऱ्या राज्यात राहायला गेले, कारण दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांतले असले की खटला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात नेता येतो, आणि तिथे त्यांनी भरपाई जिंकली. कंपनीला तर सुप्रीम कोर्टानेच तोडलं, तेही 1911 मध्येच.